पाद्री जॉन रसेल आणि त्यांचे टेरिअर

चरित्रे वाचावयाची म्हटली की आपण बहुधा रणवीरांकडे व राजपुरुषांकडे वळतो. एका लहानशा कुत्र्यामुळे ज्यांचे नाव जगभर झाले, अशा एका खेड्यातील धर्मोपदेशकाचा परिचय येथे करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

जॉन रसेल यांचा जन्म इंग्लंडातील डेव्हन परगण्यात, डार्टमथ गावी १७९५ साली झाला. टिव्हर्टनच्या ब्लंडेल शाळेत व पुढे ऑक्सफर्डला त्यांचे शिक्षण झाले. शिकारीचा नाद बाळपणापासूनचा. १८१९ साली ऑक्सफर्डजवळ एका दूधवाल्यापाशी त्यांना एक पांढरी कुत्री दिसली. डोळ्यांवर व कानांवर तांबूस ठिपके होते. ती त्यांनी तत्काळ विकत घेतली. तिचे नाव ट्रम्प. तिच्यापासूनच त्यांच्या टेरिअरांचा वंश सुरू झाला.

पुढे जवळजवळ अर्धशतक त्यांनी स्विमब्रिज येथे धर्मोपदेशकाचे काम केले व त्याबरोबर हे कुत्रेही जोपासले. शिकारीत कोल्हा बिळात दडला की टेरिअरचे काम सुरू होई. बिळात शिरण्याजोगी अरुंद छाती, घोड्यांमागे धावण्याजोगे पाय, आणि कोल्ह्याहून निराळा ओळखू यावा म्हणून पांढरा रंग, हे गुण त्यांनी पारखून घेतले. कुत्र्याने भुंकून कोल्ह्यास बाहेर काढावे, ठार मारू नये, असा त्यांचा कटाक्ष असे. १८७३ साली स्थापन झालेल्या केनेल क्लबचे ते संस्थापक सभासद होते. तरी स्वतःचे टेरिअर त्यांनी प्रदर्शनात मांडले नाहीत. कुत्र्याची परीक्षा कामात, असे ते मानीत. १८८३ साली ते निवर्तले.

इंग्लंड व वेल्समध्ये कुत्र्यांकरवी कोल्ह्याची शिकार करण्यास २००४ च्या कायद्याने बंदी झाली. परंतु कायद्याने कुत्र्याचा स्वभाव पालटत नाही. दिवसभर साखळीस बांधलेला टेरिअर भुंकतो, वस्तू कुरतडतो, आणि लोक त्यास खोडकर म्हणतात. आमच्या मते तो दोष त्याचा नव्हे, रिकामपणाचा आहे. त्यास रोज भरपूर धावू द्यावे, माती उकरण्यास एखादा कोपरा द्यावा, वस्तू लपवून शोधावयास लावावे. आठवड्यातून एकदा अंग विंचरावे, दात स्वच्छ ठेवावे, रेबीजची लस वेळेवर टोचून घ्यावी. चॉकलेट, कांदा व द्राक्षे त्याच्या तोंडी लागू देऊ नयेत.

विद्यार्थी मित्रहो, प्राणी घरी आणण्यापूर्वी त्याचे रूप पाहावे, त्याहून अधिक त्याचा स्वभाव जाणावा. त्याच्या स्वभावास साजेसे काम देण्याची तयारी नसेल, तर तो न आणणे हीच त्याच्यावरील खरी दया होय.