विल्यम फार : आकड्यांशी प्रामाणिक राहिलेला माणूस

विल्यम फार यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८०७ रोजी इंग्लंडमधील केन्ली या खेड्यात, एका गरीब कुटुंबात झाला. परिसरातील एका सधन गृहस्थाने त्यांच्या शिक्षणाचा भार उचलला. पॅरिस व लंडन येथे वैद्यक शिकून ते लंडनच्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात रुजू झाले. तेथे सुमारे ४० वर्षे त्यांनी देशातील मृत्यूंचा हिशेब ठेवला. क्रिमियन युद्धानंतर सैनिकांच्या मृत्यूंचे आकडे तपासताना फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांना त्यांचीच साथ लाभली.

१८४८-४९ मध्ये लंडनमध्ये कॉलऱ्याची साथ आली. फार यांनी प्रत्येक वस्तीची उंची आणि तेथील मृत्यू ताडून पाहिले. २० फुटांहून कमी उंचीवर दर १० हजार लोकांमागे १०२ मृत्यू, तर १०० ते १२० फुटांवर केवळ १७! नदीकाठच्या दूषित हवेमुळे रोग होतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

आकडे खरे होते. पण पाणी हा घटक हिशेबातून सुटला होता. सखल भागांतील अनेक कुटुंबे थेम्स नदीचे घाण पाणी पीत. त्यामुळे पाण्याचा दोष उंचीच्या खात्यावर जमा झाला. आज रिग्रेशन शिकताना हाच धडा मिळतो : सुटलेला घटक परिणाम घडवत असेल आणि हिशेबात घेतलेल्या घटकाशीही निगडित असेल, तर रेषेचा उतार चुकतो. तशाच नोंदी कितीही वाढवल्या, तरी ही चूक जात नाही.

१८५४ च्या साथीत डॉ. जॉन स्नो यांनी दक्षिण लंडनमधील असे रस्ते निवडले, जेथे शेजारच्या घरांत दोन वेगळ्या कंपन्यांचे पाणी येई. उंची तीच, हवाही तीच. पहिल्या सात आठवड्यांत शहरातील घाण पाणी पुरवणाऱ्या कंपनीच्या दर १० हजार घरांमागे ३१५ मृत्यू झाले. नदीच्या वरच्या भागातील पाणी देणाऱ्या कंपनीच्या घरांत ३७. मृताच्या घरी कोणाचे पाणी येते, याची नोंद ठेवण्याची व्यवस्था करून फार यांनी या कामाला मदत केली. मात्र त्यांचे स्वतःचे मत लगेच बदलले नाही.

१८६६ मध्ये पूर्व लंडनमध्ये पुन्हा कॉलरा पसरला. स्नो तेव्हा हयात नव्हते. या वेळी फार यांनी पाण्याचाच माग काढला आणि दोषी पाणीपुरवठा उघडकीस आणला. आपलाच जुना निष्कर्ष त्यांनी मागे सारला.

१४ एप्रिल १८८३ रोजी त्यांचे निधन झाले. कॅडेट मित्रांनो, आलेख सुबक दिसला की आपणही थांबतो. तेव्हा फार यांना आठवावे आणि विचारावे : यात काय सुटले आहे?