सर अ‍ॅस्टली कूपर आणि स्तनांना सावरणारे धागे

धावताना किंवा दोरीवरच्या उड्या मारताना अनेक जणींचे स्तन दुखतात. यामागचं शरीररचनेतलं कारण साधं आहे: स्तनाच्या आत त्याला धरून ठेवणारा स्नायू नसतो. दूधग्रंथी आणि चरबी जागेवर राहतात त्या बाहेरच्या त्वचेमुळे आणि आतल्या नाजूक तंतूंच्या जाळ्यामुळे. या तंतूंना 'कूपर्स लिगामेंट्स' म्हणतात. स्पोर्ट्स ब्रा का घालावी हे सांगताना हे नाव हटकून येतं. पण ज्यांचं हे नाव आहे त्या सर अ‍ॅस्टली कूपर यांनी हे तंतू खेळाडूंसाठी शोधले नव्हते.

कूपर यांचा जन्म २३ ऑगस्ट १७६८ रोजी इंग्लंडमधल्या नॉरफॉक परगण्यात झाला. वडील पाद्री, आई कादंबऱ्या लिहिणारी. सोळाव्या वर्षी ते लंडनला आले आणि सेंट थॉमस रुग्णालयातले शल्यचिकित्सक हेन्री क्लाइन यांच्याकडे उमेदवारी करू लागले. जॉन हंटर यांची व्याख्यानं त्यांनी याच काळात ऐकली. नुसतं पुस्तक वाचू नका, स्वतः कापून पाहा, हा हंटर यांचा धडा त्यांनी आयुष्यभर गिरवला. १८०० मध्ये ते गायज रुग्णालयात शल्यचिकित्सक झाले. पुढे कवी म्हणून गाजलेला जॉन कीट्स तिथेच वैद्यकीचा विद्यार्थी होता. १८१७ मध्ये कूपर यांनी पोटातली महाधमनी बांधण्याचं धाडस केलं. तो रुग्ण वाचला नाही, पण कूपर यांचा दबदबा वाढला. राजा चौथा जॉर्ज याच्या डोक्यावरची गाठ त्यांनी काढली आणि १८२१ मध्ये त्यांना बॅरोनेट हा किताब मिळाला.

या कीर्तीला एक काळी बाजू होती. शिकायला आणि शिकवायला शवं हवीत आणि कायद्याने ती पुरेशी मिळत नव्हती. तेव्हा लंडनमधले शरीरशास्त्रज्ञ थडगी उकरणाऱ्या चोरांकडून शवं विकत घेत. कूपर त्यांचे मोठे गिऱ्हाईक होते. पकडल्या गेलेल्या चोरांच्या घरच्यांना ते पैसेही देत. १८२८ मध्ये संसदेच्या समितीपुढे त्यांनी हे फारसं लपवलं नाही: मनात आणलं तर कोणाचंही शव आपण मिळवू शकतो, असं त्यांनी सांगून टाकलं. १८३२ च्या कायद्याने चोरी थांबली, पण त्यानंतर विच्छेदनाच्या टेबलावर आली ती मुख्यतः बेवारस गरिबांची शवं. आजच्या ज्ञानाचा पाया हा असा आहे आणि तो विसरणं बरं नव्हे.

स्तनांच्या आजारांवरचं कूपर यांचं पुस्तक १८२९ चं. त्यातला भर कर्करोग नसलेल्या गाठींवर होता. हे आज किरकोळ वाटेल. पण तेव्हा भूल देण्याची सोय नव्हती. ईथरचा वापर रूढ झाला तो १८४६ नंतर. स्तनातली गाठ काढायची म्हणजे बाईने पूर्ण शुद्धीत सुरी सोसायची, वर जखम चिघळण्याची धास्ती. कोणती गाठ निरुपद्रवी आहे हे ओळखता आलं, तर त्या बाईची सुरीपासून सुटका होत होती.

सत्तरी गाठल्यावर ते पुन्हा या विषयाकडे वळले. दूध पाजत असताना दगावलेल्या स्त्रियांच्या शवांमधल्या दूधनलिकांत त्यांनी रंगीत मेण भरलं, मग थर उलगडत चित्रं काढून घेतली. १८४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात ग्रंथीपासून त्वचेपर्यंत जाणारे ते तंतू स्पष्ट दिसतात. मेणाने एक घोटाळाही केला. नलिका फुगल्या आणि स्तनाग्रामागे दुधाची छोटी कोठारं असल्याचं चित्र पाठ्यपुस्तकांत रुजलं. २००५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी स्तनपान करणाऱ्या मातांची सोनोग्राफी केली, तेव्हा अशी कोठारं सापडली नाहीत.

तंतूंचं वर्णन मात्र टिकलं. वाढणारा कर्करोग हे तंतू आखडतो, मग ते त्वचेला आत ओढतात आणि वर खळी पडते. आरशासमोर हात वर करून स्तन पाहा, असं डॉक्टर सांगतात त्यामागे हेच आहे. नवी खळी दिसली, तर दुखत नसलं तरी डॉक्टरांना दाखवावं.

कूपर १२ फेब्रुवारी १८४१ रोजी वारले. त्यांच्याच इच्छेनुसार त्यांच्या देहाचं विच्छेदन झालं आणि गायजच्या प्रार्थनागृहात दफन.

हे तंतू ठाऊक असूनही धावणाऱ्या बाईचा विचार व्हायला १९७७ उजाडलं. अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये लिसा लिंडाल, पॉली स्मिथ आणि हिंदा मिलर यांनी पुरुष खेळाडूंचे दोन लंगोट-पट्टे एकत्र शिवून पहिली 'जॉगब्रा' बनवली. तरी प्रश्न मिटला नाही. लंडन मॅरेथॉनमध्ये धावणाऱ्या स्त्रियांच्या पाहणीत सुमारे एक तृतीयांश जणींनी स्तनदुखीची तक्रार सांगितली. ब्रिटनमधल्या शाळकरी मुलींच्या २०१६ च्या एका पाहणीत, स्तनांमुळे खेळण्यावर परिणाम होतो असं जवळपास निम्म्या मुली म्हणाल्या. मैदानापासून दूर राहण्याचं हे कारण त्या घरी किंवा शाळेत सांगतील, याची शक्यता कमीच.

उड्यांमुळे कूपर यांचे तंतू कायमचे सैल होतात, असं जाहिराती छातीठोकपणे सांगतात. ते अजून नीट सिद्ध झालेलं नाही. वय, गरोदरपणं, वजनातले चढउतार आणि धूम्रपान यांचा वाटा मोठा आहे. ब्रामुळे कर्करोग होतो, यालाही आधार नाही. दुखणं मात्र खरं आहे. धावताना स्तन वरखाली तर हलतातच, शिवाय बाजूंना आणि पुढेमागेही. म्हणून ब्रा निवडताना खांद्यावरच्या पट्ट्यांआधी छातीखालचा पट्टा पाहावा, कारण बहुतेक भार तोच पेलतो. हात वर केल्यावर तो सरकता कामा नये आणि श्वासही अडता कामा नये.