नाझी जर्मनीची वैमानिक, नेहरूंची पाहुणी

सन 1959. नवी दिल्लीच्या आकाशात एक ग्लायडर घिरट्या घालत होते. त्यात पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू बसले होते आणि ग्लायडर चालवत होती सत्तेचाळीस वर्षांची एक ठेंगणी, हसतमुख जर्मन बाई. भारतात ग्लायडिंगचे केंद्र उभारण्यास मदत करावी, या हेतूने तिला नेहरूंनी बोलावले होते. बरोबर चौदा वर्षांपूर्वी, एप्रिल 1945मध्ये, हीच बाई बर्लिनच्या तळघरात अॅडॉल्फ हिटलरसमोर उभी होती. तिचे नाव हॅना राइट्श.

हेलिकॉप्टर उडविणारी जगातील पहिली महिला म्हणून विमानविद्येच्या इतिहासात तिची नोंद आहे. ग्लायडिंगमधील तिचे विक्रम तर चाळीसहून अधिक भरतात. मात्र तिचे चरित्र सांगू लागले की, विक्रमांच्या यादीपाशी थांबता येत नाही.

हॅनाचा जन्म 29 मार्च 1912 रोजी सायलेशियातील हिर्शबर्ग येथे झाला. हे गाव आज पोलंडमध्ये असून येलेनिया गुरा या नावाने ओळखले जाते. वडील नेत्रतज्ज्ञ होते. मुलीनेही डॉक्टर व्हावे, ही घरची इच्छा. हॅनाने त्यातूनही आपली वाट काढली. विमानातून दूरदेशी जाऊन रुग्णसेवा करणारी मिशनरी डॉक्टर होण्याचे स्वप्न तिने रंगवले. त्यातले वैद्यकीय शिक्षण अर्ध्यावर सुटले आणि विमान तेवढे उरले.

गावाजवळच्या ग्रुनाऊ येथील शाळेत ती ग्लायडर शिकली. हडपसरच्या आकाशात ग्लायडर पाहिलेल्या पुणेकरांना हा प्रकार नवा नाही. ग्लायडरला इंजिन नसते. उन्हाने तापलेल्या जमिनीवरून वर चढणारा हवेचा झोत शोधायचा, त्यात घिरट्या घेत उंची गाठायची आणि मग पुढच्या झोतापर्यंत तरंगत जायचे. पहिल्या महायुद्धातील पराभवानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीवर लष्करी विमानांची बंदी आली होती. त्यामुळे तेथील तरुण पिढी या बिनइंजिनाच्या विमानांकडे वळली. प्रख्यात ग्लायडरपटू वोल्फ हिर्थ यांनी हॅनाला हाताशी धरले. 1934 साली त्यांच्या पथकातून ती ब्राझील आणि अर्जेंटिना येथे जाऊन आली व त्याच वर्षी ग्लायडर संशोधन संस्थेत चाचणी वैमानिक म्हणून रुजू झाली.

1937 साली तिला हवाई कप्तान हा किताब मिळाला. तो मिळवणारी ती पहिली महिला. त्याच वर्षी हेन्रिख फोके यांचे ‘एफडब्ल्यू 61’ हे हेलिकॉप्टर तिच्या हाती आले. विमानाच्या सांगाड्याच्या दोन्ही अंगांना दांड्या काढून त्यांच्या टोकांवर दोन पंखे बसवलेले, असे ते विचित्र दिसणारे यंत्र होते. सरळ वर उठणे, हवेत जागच्या जागी थांबणे, मागे सरकणे हे सारे ते करीत असे. ऑक्टोबर 1937मध्ये श्टेंडालहून बर्लिनपर्यंत 109 किलोमीटरचे उड्डाण करून तिने हेलिकॉप्टरच्या अंतराचा विक्रम केला. फेब्रुवारी 1938मध्ये तर बर्लिनच्या डॉइचलांडहाले या बंदिस्त सभागृहात, हजारो प्रेक्षकांच्या डोक्यांपासून काही अंतरावर, तिने रोज रात्री हे हेलिकॉप्टर उडवून दाखवले. जरा हात चुकला असता तर काय अनर्थ घडला असता, याची कल्पनाच केलेली बरी. ते प्रयोग निव्वळ करमणुकीसाठी नव्हते. नव्या जर्मनीचे सामर्थ्य जगाला दाखवण्याचा तो सरकारी खटाटोप होता आणि हॅना त्याचा हसरा चेहरा होती.

युद्ध सुरू झाल्यावर तिच्याकडे आलेली कामे जीवघेणी होती. ऑक्टोबर 1942मध्ये ‘मेसरश्मिट 163’ या रॉकेट विमानाच्या चाचणीत, उड्डाणानंतर खाली पडायला हवा असलेला चाकांचा गाडा विमानालाच अडकून बसला. विमान जमिनीवर आदळले. कवटी अनेक ठिकाणी फुटली, नाक जवळजवळ तुटले. अशा अवस्थेत तिने आधी अपघात कसा घडला याची टिपणे काढली, रुमालाने चेहरा झाकला आणि मग शुद्ध हरपली. पाच महिने ती रुग्णालयात होती. बाहेर पडल्यावर तोल परत मिळवण्यासाठी ती घराच्या छपरावर चढून बसण्याचा सराव करीत असे. पुढे ती पुन्हा उडू लागली.

हे धैर्य कोणासाठी वापरले जात आहे, हा प्रश्न तिने स्वतःला विचारल्याचे मात्र दिसत नाही. नाझी पक्षाची ती सदस्य नव्हती. तथापि, फेब्रुवारी 1944मध्ये हिटलरच्या हस्ते ‘आयर्न क्रॉस’ हे पदक स्वीकारताना तिने आत्मघाती वैमानिकांचे पथक उभारण्याची योजना आपणहून त्याच्यापुढे मांडली. प्रतिज्ञापत्रावर सही करणाऱ्यांत ती स्वतःही होती.  त्याच वर्षी पीटर रीडेल या जुन्या सहकाऱ्याने तिला वायुकोठड्यांविषयीचे पत्रक दाखवले. ती थेट हिमलरकडे गेली. त्याने इन्कार केला आणि तिने विश्वास ठेवला.

त्या काळी जर्मनीत हवाई कप्तान झालेली आणखी एकच महिला होती, मेलिटा फोन श्टाउफेनबर्ग. तिचे वडील ज्यू वंशाचे. तिचा दीर क्लाउस याने 20 जुलै 1944 रोजी हिटलरवर बॉम्बहल्ला केल्यानंतर तिला अटक झाली. तिच्या चाचणी उड्डाणांची गरज असल्याने काही आठवड्यांनी सुटका झाली. एप्रिल 1945मध्ये तिचे विमान पाडले गेले आणि तीत ती मरण पावली. आज तिचे नाव फारसे कोणाला ठाऊक नसते.

त्याच महिन्याच्या 26 तारखेला हॅना जनरल फोन ग्राइम यांच्यासह वेढलेल्या बर्लिनमध्ये उतरली. वाटेत सोव्हिएत गोळीबारात ग्राइम जखमी झाले, तेव्हा मागच्या आसनावरून त्यांच्या खांद्यावरून हात पुढे करून तिने छोटे ‘श्टॉर्क’ विमान ब्रांडेनबुर्ग दरवाजानजीकच्या रस्त्यावर उतरवले. दोन दिवसांनी हिटलरने दोघांना विषाच्या कुप्या देऊन परत पाठवले. मे महिन्याच्या प्रारंभी साल्झबुर्गमध्ये तिच्या वडिलांनी पत्नी, मुलगी आणि नातवंडांना ठार करून स्वतःवरही गोळी झाडून घेतली. निर्वासितांना सोव्हिएत ताब्यातील प्रदेशात परत धाडणार, अशी अफवा होती. 24 मे रोजी ग्राइम यांनी विष घेतले. हॅना अमेरिकनांच्या कैदेत राहिली.

सुटकेनंतर ती पुन्हा ग्लायडरकडे वळली. 1952 साली स्पेनमधील जागतिक स्पर्धेत तिसरा क्रमांक, 1955 साली जर्मनीचे अजिंक्यपद. भारतभेटीनंतर 1962पासून ती घानात होती. क्वामे एन्क्रूमा यांच्यासाठी तिने अफियेन्या येथे ग्लायडिंगची शाळा उभी केली. 1966च्या फेब्रुवारीत एन्क्रूमांची सत्ता उलथली आणि तिलाही देश सोडावा लागला. वसाहतवादाविरुद्ध लढलेल्या दोन नेत्यांना या बाईचा भूतकाळ ठाऊक नव्हता, असे म्हणणे कठीण आहे. नव्या राष्ट्रांतील तरुणांना आकाशाचे वेड लावणारी माणसे त्यांना हवी होती, एवढे खरे. ते योग्य होते की नाही, यावर प्रस्तुत लेखकाचेही मत अजून पक्के झालेले नाही.

वयाच्या साठीतही ती विक्रम करीतच राहिली. अमेरिकेतील अॅपलाचियन पर्वतरांगांवरून तिने ग्लायडरने शेकडो किलोमीटरची उड्डाणे केली. आत्मचरित्रात तिने उड्डाणांबद्दल भरभरून लिहिले. ज्या राजवटीसाठी ती उडाली, तिच्या बळींबद्दल मात्र पश्चात्तापाचा शब्द तिच्याकडून आला नाही. 24 ऑगस्ट 1979 रोजी फ्रँकफर्ट येथे तिचे निधन झाले. साल्झबुर्गच्या दफनभूमीत, कुटुंबीयांच्या शेजारी तिला चिरविश्रांती देण्यात आली.