इब्न बतूता : मोठा मुसाफिर, आपल्यासारखाच माणूस

इब्न बतूता यांचं नाव आपल्या घरांत अदबीने घेतलं जातं. पण आजकाल काही जण विचारतात, हा माणूस खरं बोलत होता का? हा सवाल टाळू नये, असं आम्हाला वाटतं.

मोरोक्कोतल्या टँजियर शहरात १३०४ साली काझींच्या घराण्यात त्यांचा जन्म झाला. वयाच्या २१ व्या वर्षी, १३२५ मध्ये, ते एकटेच हजला निघाले. आई-वडील हयात होते. त्यांना सोडताना जीव तुटला, पण पाय थांबले नाहीत. हज अदा झाला, तरी ते घरी फिरले नाहीत. इराक, यमन, पूर्व आफ्रिकेचा किनारा, मध्य आशिया करत १३३३ मध्ये सिंधू नदीपाशी पोचले. दिल्लीत मुहम्मद बिन तुघलकाने त्यांना काझी नेमलं आणि पुढे वकील म्हणून चीनकडे रवाना केलं. त्या वाटेवर ते आपल्या दौलताबादला आले. दौलताबादच्या द्राक्ष-डाळिंबांची आणि नंदुरबारच्या मराठ्यांच्या हुन्नराची त्यांनी नोंद ठेवली. पुढे मालदीवमध्येही ते काझी झाले.

सफरनामा मात्र १३५५ मध्ये, मायदेशी परतल्यावर, आठवणीतून सांगून इब्न जुझय यांच्याकडून लिहून घेतला गेला. त्यात मक्का-मदिनेची काही वर्णनं इब्न जुबैर यांच्या जुन्या पुस्तकातून घेतलेली आहेत. चीनच्या भागाबद्दल अभ्यासकांना शंका आहे. ठिकठिकाणी निकाह करून बायकामुलं मागे सोडली, गुलाम बाळगले, हेही त्यांच्याच सफरनाम्यात आहे.

मग काय करायचं? वर्गात मुलं विचारतात तेव्हा आम्ही हे लपवत नाही. आपला म्हणून ऐब झाकणं इन्साफ नाही, आणि ७०० वर्षांपूर्वीच्या माणसाला एका वाक्यात खोटारडा ठरवणं हाही इन्साफ नाही. ज्या सुलतानाचं मीठ खाल्लं, त्याची सखावत त्यांनी लिहिली आणि त्याचा जुलूमही लिहिला.

१३४८ मध्ये दमास्कसला त्यांना कळलं, वडील जाऊन १५ वर्षं झाली. टँजियरला पोचण्याआधीच प्लेगने आईही गेली होती. या सफरीची एवढी किंमत त्यांनी मोजली. ती ध्यानात ठेवूनच त्यांचा सफरनामा वाचावा, आणि मुलांनाही तसाच वाचायला द्यावा.