गॅरी गायगॅक्स: घरचे नियम विकणारा माणूस

फोनवर गेम उघडला की आपण आधी कॅरेक्टर निवडतो, मग त्याची ताकद आणि लेव्हल वाढवतो. ही पद्धत घडली कागद, पेन्सिल आणि फाशांच्या खेळात. तो खेळ लोकांपर्यंत नेणाऱ्या माणसाबद्दल आज बोलू.

गॅरी गायगॅक्स यांचा जन्म २७ जुलै १९३८ चा, शिकागोचा. वाढले लेक जिनिव्हा या छोट्या गावात. शाळा अर्धवट सोडली. पुढे विमा कंपनीत नोकरी केली. १९७० मध्ये ती गेली, तर घरीच बूट दुरुस्त करून संसार चालवला. वेड एकच, टेबलावरच्या लढायांचं. १९७१ मध्ये जेफ पेरेनसोबत त्यांनी 'चेनमेल' हे नियमपुस्तक काढलं.

मिनेसोटाच्या डेव्ह आर्नेसन यांनी त्यात स्वतःचे नियम घुसवले. आपण गल्ली क्रिकेटमध्ये 'एक टप्पा आउट' ठरवतो ना, अगदी तसंच. सैन्याऐवजी प्रत्येकाला एकच पात्र, आणि ते खेळागणिक अनुभवाने वाढत जाणार. १९७२ मध्ये गायगॅक्स यांनी हा प्रकार खेळून पाहिला आणि नियम लिहायला बसले. जानेवारी १९७४ मध्ये 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' आला. पहिली छपाई फक्त १,००० प्रतींची.

त्यात पात्रांचे प्रकार तीनच होते: योद्धा, जादूगार आणि धर्मगुरू. 'चोर' हा चौथा प्रकार कॅलिफोर्नियातल्या खेळाडूंच्या घरच्या नियमांतून आला आणि १९७५ मध्ये पुस्तकात छापला गेला. पात्राचा प्रत्येक गुण आधी तीन फाशांवर ठरायचा, त्यामुळे नशीब फुटकं तर पात्रही फुटकं! १९७९ च्या पुस्तकात पहिलाच पर्याय होता: चार फासे टाका, सर्वांत लहान आकडा सोडा.

पण तोवर गायगॅक्स बदलले होते. नियम सगळ्या टेबलांवर सारखे हवेत, असा आग्रह ते धरू लागले. कारण खरं होतं: स्पर्धेत एका टेबलाचं पात्र दुसऱ्या टेबलावर चालायला हवं. पण घरच्या नियमांतून जन्मलेल्या खेळाला घरचेच नियम नकोसे झाले. श्रेय आणि मानधनावरून आर्नेसन यांनी १९७९ मध्ये दावा ठोकला, १९८१ मध्ये तडजोड झाली.

१९८५ मध्ये कंपनीचा ताबाच गायगॅक्स यांच्या हातून गेला, पुढच्या वर्षी ते बाहेर पडले. नंतर नवा गेम काढला, तर त्याच कंपनीने त्यांना कोर्टात खेचलं. ४ मार्च २००८ रोजी लेक जिनिव्हातच ते वारले.

नागपुरात आम्ही मित्र हा गेम खेळतो, तेव्हा पात्रात हवा तो बदल करू देतो. अटी दोनच: बदल खेळाआधी सांगायचा आणि तो सगळ्यांना लागू. मला वाटतं, गायगॅक्स यांच्या आयुष्यातून एवढं तरी शिकावं. पुस्तक कंपनीच्या मालकीचं असू शकतं, पण आपल्या टेबलावर काय चालेल ते तिथे बसलेल्यांनीच ठरवायचं.