जोसेफ लुई गे-ल्युसॅक

जोसेफ लुई गे-ल्युसॅक (६ डिसेंबर, १७७८ - ९ मे, १८५०) हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व भौतिकशास्त्रज्ञ होते. वायूंविषयीच्या नियमांमुळे त्यांचे नाव पाठ्यपुस्तकांत आढळते. द्रवाचे आकारमान मोजून पदार्थाचे प्रमाण ठरविण्याच्या पद्धतीस, म्हणजेच अनुमापनास, त्यांनी दिलेले अचूक रूप त्यामानाने कमी परिचित आहे.

मध्य फ्रान्समधील सेंट-लिओनार येथे जन्मलेले गे-ल्युसॅक पॅरिसच्या एकोल पॉलितेक्निकमध्ये शिकले व पुढे क्लोद बेर्तोले यांचे साहाय्यक झाले. १८०४ मध्ये त्यांनी फुग्यातून सुमारे ७,००० मीटर उंची गाठून हवेचे नमुने आणले. वायूंच्या संयोगाचा नियम त्यांनी १८०८ मध्ये मांडला.

विरंजक चूर्णाची शक्ती साठवणीत घटते, त्यामुळे कापड धुवणाऱ्या कारखानदारांना तिची परीक्षा करणे भाग पडे. चूर्णाच्या द्रावणाने निळीच्या किती द्रावणाचा रंग जातो, हे मोजण्याची रीत गे-ल्युसॅक यांनी १८२४ मध्ये प्रसिद्ध केली. त्या लेखामुळे ब्युरेट व पिपेट ही नावे रूढ झाली. अशी नळी प्रथम वापरण्याचे श्रेय मात्र त्यांचे देशबंधू देक्रुआझिल यांना द्यावे लागते. गे-ल्युसॅक यांच्या ब्युरेटमध्ये खुणा केलेल्या नळीच्या तळापासून एक बारीक नळी वर येई; ती हातात धरून कलती केली की द्रव थेंबाथेंबाने पडे.

१८२९ मध्ये ते पॅरिसच्या टांकसाळीत मुख्य कसपरीक्षक झाले. तोवर चांदीचा कस हाडांच्या राखेच्या मुशीत, शिशासह तापवून ठरवीत. त्यात थोडी चांदी वाया जाऊन कस प्रत्यक्षापेक्षा हजारी काही भागांनी कमी भरे. टांकसाळीच्या उलाढालीत हा फरक क्षुल्लक नव्हता. गे-ल्युसॅक यांनी भट्टीऐवजी मिठाचे द्रावण वापरले. त्याच्या १०० मिलिलिटरने नेमकी १ ग्रॅम चांदी साक्याच्या रूपाने खाली बसे. नमुना नायट्रिक अम्लात विरघळवून हे आकारमान एकाच पिपेटने सोडीत व बाटली जोराने हलवीत. उरलेली चांदी दहापट विरल द्रावणाने, मिलिलिटरमागे १ मिलिग्रॅम या हिशेबाने, गढूळपणा येणे थांबेपर्यंत मोजीत. पिपेटवरील खूण चुकली तर कसही चुके. उष्णतेने द्रावण प्रसरण पावते, म्हणून तापमानानुसार दुरुस्तीची कोष्टकेही त्यांनी दिली. ही पद्धत १८३२ मध्ये प्रसिद्ध झाली.

पुढे जर्मनीतील कार्ल फ्रीड्रिख मोर यांनी ब्युरेटच्या खालच्या टोकास रबरी नळी व चिमटा जोडला. त्यामुळे ती हातात धरण्याची गरज उरली नाही.