ग्युस्ताव्ह फ्लोबेर

ग्युस्ताव्ह फ्लोबेर (१२ डिसेंबर १८२१ – ८ मे १८८०) हे फ्रेंच कादंबरीकार होते. विवाहित स्त्रीच्या समाजनिषिद्ध प्रेमाचे चित्रण त्यांनी स्वतः कोणताही निवाडा न देता केले. यामुळे त्यांची 'मादाम बोवारी' ही कादंबरी न्यायालयात गेली.

जीवन

फ्लोबेर यांचा जन्म नॉर्मंडीतील रूआँ येथे झाला. वडील तेथील रुग्णालयाचे मुख्य शल्यचिकित्सक होते. १८३६ साली त्रूव्हीलच्या समुद्रकिनाऱ्यावर एलिझा श्लेसिंजे ही विवाहित स्त्री त्यांच्या दृष्टीस पडली. ही अपूर्ण ओढ पुढे १८६९ मधील 'लेद्युकास्याँ सांतिमांताल' या कादंबरीतील मादाम आर्नूच्या व्यक्तिरेखेत उतरली. १८४४ मध्ये आलेल्या झटक्यानंतर त्यांनी पॅरिसमधील कायद्याचे शिक्षण सोडले व सेन नदीकाठच्या क्र्वासे येथे आयुष्याचा बराचसा काळ लेखनात घालवला. ते अविवाहित राहिले. कवयित्री लुईझ कोले यांना लिहिलेल्या त्यांच्या पत्रांतून 'मादाम बोवारी' कशी घडत गेली हे समजते.

'मादाम बोवारी' आणि खटला

या कादंबरीवर फ्लोबेर यांनी १८५१ ते १८५६ अशी सुमारे पाच वर्षे काम केले. खेड्यातील डॉक्टरची पत्नी एम्मा प्रणयकथांतून घेतलेली स्वप्ने दोन प्रियकरांमध्ये शोधते, कर्जात बुडते आणि आर्सेनिक घेऊन मरते. तिच्या अंताला प्रेमभंगापेक्षा सावकारी हुंड्या अधिक कारणीभूत ठरतात, याकडे अनेकदा दुर्लक्ष होते.

'रेव्ह्यू द पारी' या नियतकालिकात १८५६ मध्ये ती क्रमशः छापताना संपादकांनी बंद घोडागाडीचा प्रसंग वगळला. तरीही जानेवारी १८५७ मध्ये नीतिमत्ता व धर्म यांच्या अवमानाचा खटला उभा राहिला. एम्माला दोषी ठरवू शकेल असे एकही पात्र पुस्तकात नाही, हा सरकारी वकील एर्नेस्त पिनार यांचा महत्त्वाचा आक्षेप होता. व्यभिचाराचे भयंकर परिणाम दाखवणारे हे पुस्तक नीतीलाच पोषक आहे, असा बचाव ज्यूल सेनार यांनी केला. ७ फेब्रुवारी रोजी फ्लोबेर निर्दोष सुटले. मात्र कादंबरीचे मर्म बचावापेक्षा आक्षेपातच अधिक नेमके आले होते. फ्लोबेर यांच्या शैलीत निवेदकाचे वाक्य नकळत एम्माच्या मनातले वाक्य होते, त्यामुळे तिची वासना वाचकाला बाहेरून न्याहाळता येत नाही. त्याच वर्षी पिनार यांनीच चालवलेल्या खटल्यात कवी बोदलेर यांना दंड झाला व त्यांच्या सहा कवितांवर बंदी आली.

चित्रपट रूपांतरे

कादंबरीतील हे मौन पडद्यावर टिकवणे कठीण गेले. हॉलिवूडमध्ये नीतिसंहिता लागू असताना व्हिन्सेंट मिनेली यांनी १९४९ च्या चित्रपटाला खटल्याची चौकट दिली. त्यात जेम्स मेसन यांनी साकारलेले फ्लोबेर न्यायालयात स्वतःच एम्माची कथा सांगून तिची बाजू मांडतात. लेखकाने कटाक्षाने टाळलेला निवेदकाचा स्वर असा परत आला. झाँ रन्वार यांनी १९३० च्या दशकात, तर क्लोद शाब्रोल यांनी १९९१ मध्ये इझाबेल युपेर यांना घेऊन हीच कथा चित्रित केली. केतन मेहता यांच्या 'माया मेमसाब' (१९९३) या हिंदी चित्रपटात दीपा साही यांनी साकारलेल्या मायाच्या अंताची चौकशी होते आणि त्या चौकशीतून तिचे आयुष्य उलगडत जाते.